बुटकं म्हणजे सोपं नव्हे

गेल्या आठ महिन्यांत एक वाक्य मी लिफ्टमध्ये ऐकलं, वाण्याच्या दुकानात ऐकलं, हळदीकुंकवाला ऐकलं आणि परवा एका लग्नाच्या पंगतीतही ऐकलं. "डॅशहंड घेतलंत ना? बरं केलंत. फ्लॅटला अगदी सोयीचं कुत्रं. काही म्हणजे काही करावं लागत नाही." म्हणणारी माणसं प्रेमळ असतात आणि ती बोलतात मला बरं वाटावं म्हणून. तरीही आता मी हे हसून सोडून देणार नाही. या एका वाक्यापायी किती कुत्र्यांचे मागचे पाय गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यातलं एक कुत्रं आमच्याच घरातलं होतं.

आधी समोरच्यांचं म्हणणं पुरतं मांडते. डॅशहंड लहान, म्हणून कमी खातो. पाय आखूड, म्हणून फिरवावं लागत नाही. हॉलमध्ये दोन येरझाऱ्या घातल्या की त्याचा व्यायाम झाला. केस बारीक, त्यामुळे उस्तवार नाही. दिवसभर एकटा राहतो. डोक्यानं जरा मठ्ठ आणि हट्टी, तेव्हा शिकवण्याच्या फंदात पडू नये. चावला तरी दात ते केवढे! आणि पुढे पाठीचं काही झालंच, तर ते या जातीचं नशीब; त्याला कोण काय करणार?

यातलं केस बारीक असल्याचं म्हणणं गुळगुळीत केसांच्या डॅशहंडापुरतं खरं आहे. लांब केसांचे आणि राठ केसांचेही डॅशहंड असतात, त्यांना तेही लागू नाही. बाकीचं सगळं चूक आहे.

माझ्याकडे चिंचोका आहे. तांबूस तपकिरी आणि चिंचोक्यासारखाच तुकतुकीत, म्हणून ते नाव. मे महिन्यात आला तेव्हा नऊ आठवड्यांचा होता, आता दहा महिन्यांचा झालाय. पहिल्या दिवशी त्यानं बाल्कनीतली कुंडी उकरली. दुसऱ्या दिवशी दिवाणावरच्या चादरीत शिरून तिचं बीळ केलं आणि आत नाकापासून शेपटीपर्यंत गुंडाळून झोपला. तिसऱ्या दिवशी खालून गेलेल्या स्कूटरवर तो असा भुंकला की शेजारच्या काकांनी दार उघडून विचारलं, "मोठं कुत्रं आणलंत का?" हे सगळं त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. शिकवणाऱ्यांना जाऊन शेकडो वर्षं झाली.

डाक्सहुंड हे मूळ जर्मन नाव. डाक्स म्हणजे बॅजर आणि हुंड म्हणजे कुत्रा. बॅजर जमिनीखाली लांबच लांब बिळं करून राहतो. त्याचे पंजे भक्कम असतात आणि कोंडीत सापडला की तो उलटून फाडतो. जर्मनीतल्या शिकाऱ्यांना आणि वनरक्षकांना असा कुत्रा हवा होता, जो या बिळात उतरेल, अंधारात एकट्यानं बॅजरला गाठेल आणि वरची माणसं खणत येईपर्यंत भुंकून भुंकून त्याला अडवून धरेल. पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यांनी तो घडवला. बिळात मावावं म्हणून पाय आखूड ठेवले, माती मागे सारता यावी म्हणून पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद ठेवले. कोंदट जागेत दम टिकावा म्हणून छाती खोल, आणि वरच्या माणसाला जमिनीतून ऐकू यावा म्हणून आवाज त्याहून खोल. आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या नियमात डॅशहंडाचे तीन आकार आजही छातीच्या घेरावर ठरतात, कारण कुत्रा कोणत्या बिळात शिरू शकेल हे छातीच्या घेरावर ठरतं. सगळ्यात लहान आकाराला तर सशाचंच नाव आहे.

ज्याच्या शरीराचा प्रत्येक अवयव कामासाठी घडवला गेला, त्याला आपण शोभेच्या वस्तूंच्या रांगेत कसं बसवलं? आखूड पाय पाहिले आणि निष्कर्ष काढून मोकळे झालो. ते पाय आखूड का, हे विचारायची गरजच वाटली नाही.

म्युनिकला १९७२ साली ऑलिंपिक झालं, तेव्हा उन्हाळी स्पर्धांचं पहिलं अधिकृत शुभचिन्ह म्हणून जर्मनांनी कुणाला निवडलं? वाल्डी नावाच्या डॅशहंडाला. ओटल आयखर यांच्या हाताखाली तयार झालेलं ते रंगीबेरंगी पट्ट्यांचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. चिवटपणा, काटकपणा आणि चपळाई हे खेळाडूचे गुण या कुत्र्यात आहेत, अशी त्यामागची भूमिका होती. त्या वर्षी मॅरेथॉनचा मार्गसुद्धा वाल्डीच्या आकृतीवर आखला होता. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्यांनी शहरात डॅशहंडाचा आकार गिरवला. ज्या देशानं हा कुत्रा घडवला, तो त्याच्याकडे काटकपणाचा नमुना म्हणून पाहतो, आणि आपण म्हणतो, त्याला फिरवावं लागत नाही.

आता पाठीचं. इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

सांगलीला आमच्या घरी राणी होती. काळी, भुवयांवर तपकिरी ठिपके. मी शाळेत असताना बाबांच्या एका स्नेह्यांनी ती दिली. देताना ते काय म्हणाले असतील, ते वेगळं सांगायला नको. आम्हीही ते मानलं. राणीला कधी पट्टा बांधून फिरायला नेलं नाही. अंगण होतं, तेवढं पुरे वाटलं. बाबा जेवायला बसले की त्यांच्या मांडीला लागून बसायची. तिला पोळीचे तुकडे मिळायचे, साय मिळायची, सणाला पुरणपोळीही मिळायची. ती गुबगुबीत झाली आणि येणारे-जाणारे म्हणायचे, "काय छान अंग धरलंय!" माडीवर जायला उंच दगडी पायऱ्या होत्या. त्या ती दिवसातून दहादा चढायची-उतरायची आणि उतरताना शेवटच्या दोन पायऱ्यांवरून उडीच घ्यायची. आम्ही टाळ्या वाजवायचो.

ती सहा वर्षांची होती. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी पोत्यावरून उठेना. पाठ कमानीसारखी झालेली, अंग थरथरत होतं, हात लावला की विव्हळायची. बाबा म्हणाले, थंडीनं आखडलीय. आईनं तिळाचं तेल कोमट करून पाठ चोळली. दुसऱ्या दिवशी ती चालली, पण मागचे पाय लटपटत होते आणि पंजा उलटा टेकत होता. आम्ही म्हणालो, सुधारतेय. चौथ्या दिवशी मागचं अंग पूर्ण लुळं पडलं. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी तिच्या मागच्या पायाच्या बोटांना चिमट्यानं दाबलं. राणीनं मान वळवून पाहिलंही नाही. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस आधी यायला हवं होतं."

पुढे दहा महिने ती जगली. तिला लघवी आपली आपण होत नव्हती. आई दिवसातून चार वेळा तिचं ओटीपोट हलकेच दाबून ती करवायची. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत राणी तुळशीपर्यंत जायची आणि उन्हात पडून राहायची. फरशीला घासून मांड्यांवर जखमा झाल्या आणि त्या भरल्याच नाहीत. मी तेव्हा दहावीत होते. त्या घरातल्या एकाही माणसानं राणीवर कमी प्रेम केलं नव्हतं. आम्हाला फक्त ती कोण आहे हे माहीत नव्हतं.

आज ते कारण माहीत आहे, आणि ते नशिबाचं नाही. या कुत्र्यांचे पाय आखूड राहतात ते एका वाढीच्या जनुकाची जादा प्रत त्यांच्या पेशींत असल्यामुळे, हे २००९ साली समोर आलं. २०१७ साली त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत सापडली आणि तिचा थेट संबंध मणक्यांमधल्या चकत्यांच्या आजाराशी लागला. माणसाच्या काय किंवा कुत्र्याच्या काय, दोन मणक्यांमध्ये एक चकती असते आणि तिच्या मध्यभागी ओलसर, लवचिक गर असतो. धक्के तो गर झेलतो. डॅशहंडात हा गर पहिल्याच वर्षात सुकायला लागतो, कडक होतो, कित्येकदा त्यात चुन्यासारखे क्षार साठतात. मग एखाद्या दिवशी चकतीचं आवरण फाटतं आणि आतला खरबरीत ऐवज वर उसळून मज्जारज्जूवर दाबतो. दर चार-पाच डॅशहंडांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी या आजाराची लक्षणं दिसतात, बहुधा तीन ते सात वर्षांच्या ऐन उमेदीच्या वयात.

हे ऐकलं की सोयवाले लगेच दुसऱ्या टोकाला जातात. "म्हणजे आम्ही म्हणतो तेच झालं ना? पाठ नाजूक, मग हलवूच नका. कडेवर ठेवा." हे पहिल्याहून घातक आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली दोन हजारांवर डॅशहंडांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली गेली आणि तिचा अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. रोज तासाभरापेक्षा जास्त चालणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा आजार कमी आढळला. अर्ध्या तासापेक्षा कमी चालणाऱ्यांमध्ये जास्त. सोफ्यावर चढू-उतरू दिल्या जाणाऱ्या कुत्र्यांमध्येही प्रमाण कमी दिसलं. आता आजारी कुत्र्याचे मालकच त्याला कमी चालवतात आणि उड्या बंद करतात, हेही खरं असू शकतं. अशा पाहणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून मी दिवाणाला उतरण लावलीच आहे आणि जिन्यावरून चिंचोक्याला उचलूनच आणते. पण बसून राहिल्यानं पाठ वाचते, याला या आकड्यांत कुठेच आधार नाही. पाठीला सावरून धरतात ते स्नायू, आणि स्नायू चालण्यानं होतात. कडेवर वाढलेल्या कुत्र्याला ते कुठून येणार?

आता तर त्याहून एक सोपा रस्ता निघाला आहे: घरभर गुळगुळीत टाइल्स आणि त्यावर पिल्लू मोकळं. पिल्लू धावतं, वळताना मागचे पाय घसरतात, कंबर पिळवटते, पाहणारे हसतात. जुन्या घरांतली खरखरीत शहाबादी फरशी या बाबतीत कितीतरी बरी होती. आमच्याकडे आता हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्या आणि रबरी मॅट यांची पायवाट आहे. पाहुण्यांना ती विद्रूप वाटते. वाटू दे.

आणि उचलायची पद्धत! पिल्लू दिसलं की लहान मुलंच काय, मोठी माणसंही त्याला दोन्ही बगलांत धरून उभं वर उचलतात आणि मागचं सगळं अंग लोंबकळत राहतं. एवढ्या लांब कण्यावर तो सगळा भार येतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि पाठ जमिनीला समांतर. हे शिकायला अर्धं मिनिट लागतं. चिंचोका आल्यापासून आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक मुलाला मी हे शिकवलं आहे. मुलं ते एकदा सांगितलं की लक्षात ठेवतात. मोठ्यांना चारदा सांगावं लागलं.

हट्टीपणाकडे येते. "कितीही शिकवा, ऐकतच नाही, मठ्ठ जात." बिळात उतरलेल्या कुत्र्याला हाक मारून सूचना देणारा माणूस तिथे नसतो. पुढे जायचं की थांबायचं, कुठून अडवायचं, कधी मागे सरायचं, हे सगळं त्याला अंधारात स्वतः ठरवावं लागायचं. जो हुकमाची वाट पाहत राहिला तो मेला. स्वतःच्या बुद्धीनं वागणारे टिकले आणि त्यांचीच वीण पुढे वाढली. स्वतः निर्णय घेणाऱ्या प्राण्याला मठ्ठ म्हणायचं, हा कोणता न्याय? तुम्ही 'ये' म्हणाल तेव्हा चिंचोका क्षणभर बघतो. येण्यात काही अर्थ आहे का, हे तो तोलतो. उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा हातात असेल तर अर्थ असतो. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी तीन-चार मिनिटं, खाऊ आणि शाबासकी, एवढ्यावर तो पाच महिन्यांचा व्हायच्या आत बस, थांब, सोड आणि ये हे शब्द शिकला. ओरडून तो काहीही शिकला नाही. एकदा घरातल्या एकानं वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तर दोन दिवस तो त्या माणसाच्या जवळ फिरकला नाही.

शी-शूच्या बाबतीत या जातीला वेळ जास्त लागतो, हे मीही नाकारत नाही. पण त्याचंही कारण पाहा. पुण्यात जूनमध्ये पाऊस सुरू होतो. माणसाच्या घोट्यापर्यंत येणारं गवत या पिल्लाच्या छातीला लागतं, गार पाण्यात त्याचं पोट भिजतं. मग तो दारातच पाय रोवून उभा राहतो. त्याला आळशी म्हणायचं, की बाल्कनीत आडोशाला मातीचा ट्रे ठेवून त्याची अडचण दूर करायची? दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी, शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच न्यावं लागतं. पहिले दोन महिने रात्री दोनला आणि पहाटे पाचला माझा गजर वाजत होता. "काही करावं लागत नाही" म्हणणाऱ्यांपैकी कुणी कधी पहाटे पाचला अशा पिल्लाबरोबर खाली उभं राहिलं आहे का?

रात्रीच्या रडण्याबद्दलही असाच एक निर्दय सल्ला मिळतो. "रडू दे, दोन दिवसांत सवय लागेल." नऊ आठवड्यांचं ते पोर आदल्या रात्रीपर्यंत चार भावंडांच्या उबेत झोपत होतं. त्याला अंधाऱ्या स्वयंपाकघरात कोंडून आपण त्याला कसली सवय लावणार? बोलावलं तरी कुणी येत नाही, याची? चिंचोक्याचं खोकं मी माझ्या पलंगाला लागून ठेवलं. तो कुंई करायचा, मी हात खाली सोडायचे, तो बोटांवर नाक टेकवून झोपायचा. दोन आठवड्यांत त्याचं रात्रीचं रडणं थांबलं. आज तो दुपारी तीन-चार तास बिनघोर एकटा राहतो. तेही पाच मिनिटांपासून सुरू करून, महिनाभर वाढवत नेलेलं आहे. "दिवसभर एकटा राहतो" म्हणणाऱ्यांनी आपल्या मागे खालच्या मजल्यावर काय ऐकू येतं, ते एकदा शेजाऱ्यांना विचारावं.

दात केवढे, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: बॅजरशी झुंजायला पुरतील एवढे. अमेरिकेत २००८ साली मालकांच्या माहितीवरून वेगवेगळ्या जातींच्या आक्रमकतेचा एक मोठा अभ्यास झाला. अनोळखी माणसांवर आणि खुद्द मालकांवर धावून जाण्याच्या बाबतीत त्यात डॅशहंड सगळ्यात वरच्या जातींमध्ये होते. याचं मूळ मला लहान चणीला मिळणाऱ्या वागणुकीत दिसतं. मोठं कुत्रं गुरगुरलं तर माणसं मागे सरतात. डॅशहंड गुरगुरला तर माणसं हसतात, आणखी चिडवतात, त्याच्या ताटलीत हात घालतात, झोपेतून खेचून मांडीवर घेतात. गुरगुरून सांगितलेलं कुणी ऐकत नाही, हे कळल्यावर कुत्रं दातानं सांगू लागतं. पिल्लू गुरगुरलं की थांबा. तुम्ही थांबता हा विश्वास बसला की त्याला पुढची पायरी गाठावी लागत नाही.

हा विश्वास बसवायचा काळ फार लहान असतो. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लाला जे दिसतं, ऐकू येतं, हुंगायला मिळतं, ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं. जे मिळालं नाही, त्याची धास्ती राहते. सगळं लसीकरण व्हायच्या आतच हा काळ सरतो. म्हणून घरात डांबून ठेवायचं नाही आणि जमिनीवरही सोडायचं नाही. मी चिंचोक्याला कडेवर घेऊन मंडईच्या तोंडाशी उभी राहिले, रिक्षा स्टँडवर बसले, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी थांबले. छत्री, हेल्मेट, घुंगरांची काठी, प्रेशर कुकरची शिट्टी, सगळं त्यानं माझ्या कुशीतून पाहिलं आणि ऐकलं. ढोलाचं ध्वनिमुद्रण आधी अगदी हळू लावलं, मग रोज थोडं मोठं. गणपतीत तो खिडकीत बसून राहिला. दिवाळीच्या फटाक्यांना मात्र घाबरला. पण पलंगाखाली शिरला आणि माझा हात चाटत राहिला, एवढं तरी जमलं.

म्हणूनच "लवकर नेलंत तर लवकर लळा लागतो" हे विकणाऱ्यांचं बोलणं मी खोडून काढते. मला फोनवर पस्तीस दिवसांचं पिल्लू देऊ केलं गेलं होतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि ते योग्यच आहे: किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच दिवसांत शिकतं. आई दाखवा म्हटलं तर त्या माणसानं फोन ठेवला. आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. ती कशी चालते, माणसाजवळ येते की दबते, हे पाहा. ठिपक्या-ठिपक्यांचं पिल्लू दुर्मीळ म्हणून जादा पैशाला विकतात. आई-बाप दोघंही तसे ठिपकेवाले असले तर पिल्लं आंधळी किंवा बहिरी निपजू शकतात. एवढं माहीत असूनही तशी जोडी लावणाऱ्याच्या हाती पैसे ठेवायचे का?

"मग असलं आजाराचं कुत्रं पाळायचंच कशाला? रस्त्यावरचं देशी पिल्लू आणा," असं काही जण म्हणतात. या एका म्हणण्याला मी मान देते. बहुतेक घरांसाठी सरळ पाठीचं, आपल्या हवेतलं देशी कुत्रंच चांगलं. पण डॅशहंड आज आपल्यात आहेत, हजारो घरांत आहेत. त्यांची ती पाठ त्यांनी मागून घेतलेली नाही. माणसानं आपल्या शिकारीसाठी ती लांबवली. ज्यानं हे केलं त्याच्याच जातीचे आपण, मग काळजी घ्यायची वेळ आली की ते नशीब कसं होतं?

राहिला चोचल्यांचा आरोप. "आमची कुत्री उष्ट्या-खरकट्यावर वाढली, त्यांना काय झालं?" काय झालं ते मी वर लिहिलं आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपल्या कुठल्या आमटी-भाजीत ते नसतात? द्राक्षं आणि मनुका त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात. पाच किलोच्या कुत्र्याला तूप लावलेली एक पोळी म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. "एवढीशी तर दिली" असं घरातली चार माणसं म्हणतात आणि तो सगळा भार त्या चकत्यांवर येतो. चिंचोक्याचं खाणं मी वजन करून देते. त्याच्या बरगड्या हाताला लागतात आणि वरून पाहिलं की कंबर दिसते. "हडकलाय गं तो," असं मला सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणतात, असाच ठेवा.

याला चोचले म्हणणाऱ्यांना मी विचारते: महिन्याला एकदा पिल्लाला तराजूवर ठेवणं हा चोचला आहे का? पावसाळ्यात लोंबते कान आतून कोरडे करणं, गोचिडांचा ताप येऊ नये म्हणून रोज बोटांच्या बेचक्या तपासणं, नखं कापणं, गळ्याला हिसका बसू नये म्हणून पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घालणं? यातल्या एकाही गोष्टीला श्रीमंती लागत नाही. आमच्या सांगलीच्या घरात हे सगळं करता आलं असतं.

चिंचोका रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास चालतो. टेकडीच्या पायथ्याला मऊ मातीचा एक तुकडा आहे, तिथे त्याला दहा मिनिटं उकरू देते. मातीत नाक खुपसून, मागे धुरळा उडवत तो खणतो, तेव्हा येणारे-जाणारे थांबून पाहतात आणि कुणी ना कुणी म्हणतंच, "सोयीचं कुत्रं!" मी दर वेळी नाही म्हणते आणि पाच मिनिटं थांबून समजावते. डॅशहंड सोयीचा नाही. ते एक कामकरी, विचारी, धाडसी जनावर आहे. ते बुटक्या देहात आहे आणि त्या देहाचा सगळ्यात कच्चा भाग माणसाच्या निवडीतून आलेला आहे. त्याला रोजचं चालणं, रोजचं शिकवणं आणि रोजची नजर लागते. एवढा वेळ ज्याच्याकडे नसेल त्यानं तो आणू नये.

आणि ज्यांच्या घरी तो आधीच आहे त्यांना एवढंच सांगणं. तो एका सकाळी उठेना, पाठ कमानीसारखी झाली, उडी मारायला कचरू लागला, मागचा पंजा उलटा पडू लागला, तर तेल लावत बसू नका आणि माणसाची अंगदुखीची गोळी देऊ नका. तिनं कुत्र्याचा जीवही जाऊ शकतो. त्याला पेटीत किंवा खोक्यात निजवा, हलू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पायांतली जाणीव शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. जाणीव गेल्यावर ती आशा निम्म्यावर येते आणि तासातासानं कमी होते. आम्ही चार दिवस थांबलो होतो.